किंमत उतरते, खर्च उतरत नाही

(जुनी स्पोर्ट्स कार घेताना काय पाहावे, या विषयावरील नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मराठी घरांमध्ये सर्वांत जास्त चर्चा झालेली स्पोर्ट्स कार कोणती, असे विचारले तर बहुतेक जण सचिन तेंडुलकरच्या फेरारीचेच नाव घेतील. २००२ साली सचिनने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. त्यानिमित्त फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट दिली. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते ती देण्यात आली. पुढे ती भारतात आणताना सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांच्या आयात शुल्काचा प्रश्न उभा राहिला. सरकारने शुल्क माफ केले, त्यावर टीका झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर फियाटने ते शुल्क भरले. २०११ साली सचिनने ही गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली. म्हणजे ती फेरारीसुद्धा अखेर 'सेकंडहँड' झालीच.

या गोष्टीतला एक मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. गाडी भेट मिळाली होती, तिची किंमत शून्य होती. तरीही ती दारात येईपर्यंत कोटभर रुपयांचा प्रश्न निर्माण झाला. स्पोर्ट्स कारची किंमत आणि स्पोर्ट्स कारचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी गाडी घेताना नेमके हेच विसरले जाते.

मी विम्याच्या दाव्यांसाठी मोटारींची पाहणी करतो. राहायला नवी मुंबईत. इथे रुंद आणि सरळ रस्ते आहेत. वाशीपासून बेलापूरपर्यंत सुमारे दहा किलोमीटरचा पाम बीच रोड आहे, कळंबोलीपासून पुण्याकडे जाणारा द्रुतगती मार्ग आहे, आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आहे. अशा रस्त्यांवरून एखादी बुटकी, रुंद, गुरगुरणारी गाडी शेजारून गेली की माना वळतात. मग कुणीतरी जाहिराती चाळू लागतो आणि त्याच्या लक्षात येते की नवी असताना साठ-सत्तर लाखांना मिळणारी गाडी दहा-बारा वर्षांनी पंधरा-वीस लाखांत मिळते आहे. एवढ्या पैशात तर आज एखादी साधी नवी गाडी येते!

खारघरचा एक तरुण असाच माझ्याकडे आला होता. सोबत त्याचे वडील. मुलाने दोन आसनांची, उघड्या टपाची एक जर्मन गाडी पसंत केली होती. "काका, अकरा वर्षांत फक्त चोवीस हजार किलोमीटर चालली आहे, अगदी नव्यासारखी आहे," तो म्हणाला. वडील शांतपणे म्हणाले, "साहेब, याच्या घराच्या हप्त्यासाठी आम्ही जे बाजूला ठेवलंय, त्यातले पैसे जाणार आहेत. गाडी चांगली की वाईट ते मला कळत नाही. तुम्ही फक्त एवढं सांगा, घेतल्यावर आणखी किती लागतील?"

जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने विचारायचा पहिला प्रश्न हाच. गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा चारही टायर जुनाट निघाले, मागच्या ब्रेकच्या डिस्क झिजलेल्या होत्या, टप उघडणारी यंत्रणा अर्ध्यात अडकत होती आणि गिअरबॉक्सच्या संगणकात दोन दोष नोंदलेले होते. या साऱ्याचे अंदाजपत्रक चार लाखांच्या वर गेले. गाडीचा भाव जुन्या गाडीचा होता, पण टायर, डिस्क आणि गिअरबॉक्सचे भाव साठ-सत्तर लाखांच्या गाडीचेच होते. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते. सुट्या भागांची उतरत नाही, उलट चढते. त्या बापलेकांनी तो सौदा सोडला.

आता मुळापासून सुरुवात करू. स्पोर्ट्स कार म्हणजे केवळ फेरारी आणि पोर्शे नव्हेत. आपल्या शेजारी गोव्यात १९९०च्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची छोटी दोन आसनी गाडी तयार होऊ लागली. तिचे अंग फायबरचे आणि इंजिन रेनोचे, १,१४९ सीसीचे. फियाट पॅलिओची १.६ लिटरची जीटीएक्स ही घरगुती गाडीच्या वेषातली वेगवान गाडी होती. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, फोक्सवॅगन पोलो जीटीआय याही त्याच जातीच्या. त्यावरच्या पायरीवर २०१६ साली भारतात आलेली फोर्ड मस्टँग, बीएमडब्ल्यूची झेड४, पोर्शेची बॉक्सस्टर वगैरे मंडळी. यांतली कोणतीही गाडी पाहायला जाण्याआधी घरी बसून दोन फोन करावेत. एक, त्या गाडीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर जवळपास आहे का आणि ते एवढे जुने मॉडेल हातात घेतात का. दोन, पुढच्या ब्रेकच्या डिस्क, क्लच, एक टायर आणि पुढचा एक दिवा यांचे आजचे भाव काय. हे चार भाव कागदावर लिहिले की पुढचे निम्मे काम होते. फोर्डने २०२१ साली भारतातले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. सॅन स्टॉर्म तर कधीच बंद झाली. अशा गाड्यांच्या बाबतीत भाग किती महाग आहे याआधी तो मिळतो का, हा प्रश्न येतो.

यानंतरही लगेच गाडीकडे जाऊ नये. आधी कागद पाहावेत. कारण इंजिन दुरुस्त होते, पण खोटा कागद दुरुस्त होत नाही.

आरसीवरचा चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरच्या क्रमांकांशी एकेक अक्षर लावून पाहावा. आधुनिक गाडीचा चासी क्रमांक सतरा अंक-अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. पहिली तीन अक्षरे कारखाना सांगतात. फेरारीचा क्रमांक झेडएफएफने सुरू होतो, पोर्शेच्या स्पोर्ट्स कारचा डब्ल्यूपी-शून्यने. हा क्रमांक पत्र्यावर ठोकलेला असतो, काचेखाली दिसतो, दाराच्या कडेला चिकटवलेला असतो आणि गाडीच्या संगणकातही असतो. चारही ठिकाणी तो सारखाच हवा. ठोकलेल्या अंकांभोवती घासल्याच्या किंवा नव्या रंगाच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरावे. २०२० च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांनी एका देशी बनावटीच्या स्पोर्ट्स कारच्या प्रकरणात गुन्हा नोंदवला होता. एकाच चासी क्रमांकाची गाडी दोन राज्यांत नोंदल्याचा आणि एकाच गाडीवर एकाहून अधिक कर्जे उचलल्याचा आरोप त्यात होता. महागड्या गाडीला फसवणूक शिवत नाही, ही समजूत काढून टाकलेली बरी.

त्यानंतर बोजा. आरसीवर बँकेचे नाव असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. 'कर्ज फिटलंय, कागद येतील' या वाक्यावर सौदा करू नये. परिवहन खात्याच्या वाहन या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक घातला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बोजा यांची माहिती मिळते. वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाची थकबाकीही पाहावी. वेगवान गाडीवर वेगाचे दंड साचलेले असतात. ते भरले आहेत का हे तर कळतेच, शिवाय आधीचा मालक गाडी कशी चालवत होता याचाही अंदाज येतो.

गाडी कुठल्या पासिंगची आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. वाशीची एमएच ४३ आणि पनवेलची एमएच ४६ या आपल्या ओळखीच्या पाट्या. स्पोर्ट्स कारच्या बाजारात मात्र पुदुच्चेरीच्या पाट्याही भेटतात. तिथला कर कमी, म्हणून इतर राज्यांतल्या लोकांनी तिथले पत्ते देऊन गाड्या नोंदवल्याची प्रकरणे २०१७ साली केरळमध्ये गाजली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांहून अधिक ठेवायची असेल तर इथला क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्याबरोबर इथला करही भरावा लागतो. मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते ते वेगळेच. महागड्या गाडीवरचा हा कर लाखांत जाऊ शकतो. म्हणून परराज्यातली गाडी तीन लाखांनी स्वस्त दिसली तर आधी वाशीच्या किंवा पनवेलच्या आरटीओत कराचा आकडा विचारावा. बऱ्याचदा ती स्वस्ताई तिथेच संपते.

गाडी परदेशातून आणलेली असेल तर आयात शुल्क भरल्याचे सीमाशुल्क खात्याचे कागद मागावेत. आधी वापरलेली मोटार भारतात आणण्याचे नियम कडक आहेत. ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवे आणि ती मुंबई बंदरातूनच आणावी लागते. दहा वर्षे परदेशात वापरलेली गाडी 'नुकतीच आणली' असे कुणी सांगत असेल, तर ते गणित जुळत नाही हे लक्षात घ्यावे.

आता माझ्या व्यवसायातली एक गोष्ट सांगतो. विम्याची पॉलिसी नीट वाचा. तीत 'नो क्लेम बोनस' नावाचा एक आकडा असतो. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. तो शून्य असेल तर का, असे विचारावे. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. तो एका गाडीवरून दुसरीवर नेता येतो आणि पॉलिसी मुदतीत नूतनीकरण केली नाही तरी जातो. त्यामुळे केवळ या आकड्यावरून निकाल देऊ नये, पण प्रश्न जरूर विचारावा. मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसी मागाव्यात. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त गेला की कंपनी सहसा गाडी 'टोटल लॉस' धरते. अशा गाड्या भंगारात जातातच असे नाही. त्या लिलावात विकल्या जातात, कुणीतरी त्या उभ्या करतो आणि त्या पुन्हा बाजारात येतात.

टोटल लॉसचे एक मोठे कारण म्हणजे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे आपण कुणीच विसरलेलो नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत कतरिना वादळ आले. दोन्हीकडे बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न उभा राहिला. त्यानंतर २०१५ साली चेन्नई आणि २०१८ साली केरळ पाण्याखाली गेले. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसवलेला आहे. भरतीचे पाणी आत येऊ नये आणि पावसाचे पाणी साठवता यावे म्हणून सिडकोने इथे धारण तलाव बांधले. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाण्याचा निचरा थांबतो आणि सखल भागांत, तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी भरते. साध्या गाडीच्या चाकापर्यंत येणारे पाणी बुटक्या स्पोर्ट्स कारच्या थेट आसनापर्यंत पोहोचते. बऱ्याच गाड्यांत हवा ओढणारे तोंडही खालीच असते. तिथून पाणी इंजिनात गेले आणि त्याच वेळी कुणी स्टार्टर मारला, तर पिस्टनचा दांडा वाकतो.

पाण्यात गेलेली गाडी ओळखायची कशी? सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढावा. शेवटच्या दोन फुटांवर चिखलाची रेघ किंवा ओलीचा डाग असेल तर काय झाले ते कळते. सीट पुढे-मागे सरकवून खालच्या रुळांचा आणि बोल्टचा गंज पाहावा. गालिचा उचलून खाली हात फिरवावा, स्टेपनीच्या किंवा डिकीच्या खळग्यात गाळ शोधावा, दिव्यांच्या आत वाफ धरली आहे का ते पाहावे. गाडीत अत्तराचा घमघमाट असेल तर तो कसला वास झाकतो आहे, याचा विचार करावा. या गाड्यांमध्ये वायरींचे जाळे आणि छोटे संगणक बहुधा आसनाखाली, पायाखाली असतात. ओल गेली की ते एकदम बंद पडत नाहीत. दोन-तीन पावसाळ्यांनंतर एकेक करून दगा देतात.

अपघाताच्या खुणा दिवसाच्या उजेडात, कोरड्या गाडीवर पाहाव्यात. दारे, बॉनेट आणि बंपर यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाना लागून रंग उडालेले आहेत का? सर्व काचांवर एकाच काळाचे शिक्के आहेत का? रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र मिळते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरतो. एखाद्या पॅनेलवर आकडा दुप्पट-तिप्पट झाला तर तिथे पुन्हा रंग किंवा पुट्टी भरलेली असते. लोहचुंबकाची जुनी युक्ती मात्र इथे जपून वापरावी. सॅन स्टॉर्मचे अंग फायबरचे, अनेक स्पोर्ट्स कारचे बॉनेट किंवा दारे ॲल्युमिनियमची. तिथे चुंबक चिकटणारच नाही. दाराला पडलेला पोचा ही काळजीची गोष्ट नव्हे. पुढचे इंजिन पेलणारे दोन दांडे आणि त्यांचे वेल्डिंग सरळ आहे का, हे खरे पाहायचे. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर बल्ब काढून टाकला असण्याची शक्यता असते. जगभर गाजलेल्या टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा फटका अनेक नामांकित गाड्यांना बसला होता. म्हणून चासी क्रमांक अधिकृत सर्व्हिस सेंटरला कळवून 'रिकॉल'चे काम बाकी आहे का, हे विचारून घ्यावे.

यानंतर गाडी रॅम्पवर चढवलीच पाहिजे. तुर्भे-नेरुळच्या एमआयडीसी पट्ट्यात ही सोय सहज मिळते. मालक रॅम्पला तयार नसेल तर सौदा नको. आपले गतिरोधक आणि खड्डे या गाड्यांचे पोट घासतात. तेलाच्या टाकीला, सायलेन्सरच्या नळ्यांना लागलेले मार, फाटलेले रबरी बुश, शॉकॲब्सॉर्बरमधून झिरपणारे तेल, वाकलेल्या रिम हे सारे खालूनच दिसते. खाडीच्या खाऱ्या हवेने नळ्यांवर आणि बोल्टांवर चढलेला गंजही तिथेच कळतो.

टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असे लिहिले असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर असली तरी सहा-सात वर्षांचे रबर कडक झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर ते पकड सोडते. वेगाचे अक्षरही वाचावे. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, 'व्ही' २४०, 'डब्ल्यू' २७० आणि 'वाय' ३००. कंपनीने 'वाय' सांगितलेल्या गाडीला 'एच' टायर लावलेले दिसले, तर मालकाने पैसे वाचवले आहेत. आणि टायरमध्ये वाचवणारा माणूस इंजिन ऑइलमध्येही वाचवतो.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. मालकाला आधीच कळवावे की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करावी. गरम इंजिन आपले बरेच रोग लपवते. सुरू होताना खडखड होते का, धूर कोणता येतो ते पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. सतत येणारा पांढरा धूर म्हणजे कूलंट आत शिरते आहे. थंड सकाळी थोडी वाफ मात्र येतेच. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. ऑइलचे झाकण उघडून आत दुधाळ साय दिसली तर पाणी आणि तेल एक झाले आहे, असा संशय घ्यावा.

यापुढचे काम संगणकाचे. स्टिअरिंगखालच्या जोडणीला स्कॅनर लावला की दोषांची यादी मिळते. आदल्या दिवशी कुणी ती पुसली असेल तर तेही कळते, कारण गाडीने स्वतःच्या तपासण्या पुन्हा पूर्ण केलेल्या नसतात. मीटर मागे फिरवलेले असले तरी काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या किंवा ब्रेकच्या संगणकात खरे किलोमीटर राहून जातात. पोर्शेसारख्या गाडीत तर इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले, याचीही नोंद मिळते. मूळ प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवली आहे का, हेही विचारावे. अशी गाडी चालवायला मजा येते, पण क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स यांचे आयुष्य कमी होते. बदललेला सायलेन्सर, रुंद चाके, खाली उतरवलेली उंची हे सारे कायद्याच्या कलम ५२ मध्ये येते. कारखान्याच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. अशा बदलांवरून विम्याचा दावा अडू शकतो, हे मी रोज पाहतो.

गाडी चालवून पाहताना वेग पाहायचा नसतो. त्या गाडीचा वेग तपासण्याजोगा रस्ता आपल्याकडे नाही; द्रुतगती मार्गावरही मोटारींची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि घाटात त्याहून कमी. ती रांगताना कशी वागते, हे पाहावे. सायन-पनवेल महामार्गाच्या गर्दीत अर्धा तास घालवा. ड्युअल क्लच गिअरबॉक्स तिथे धक्के देतो का, तापमानाचा काटा चढतो का, एसी थंड राहतो का, हे कळेल. बेलापूरला पारसिक हिलच्या चढावर थांबून पुन्हा निघा. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडेल आणि गाडी मात्र हलणार नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड जरा सैल करून गाडी एका बाजूला ओढते का पाहा. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरले तर डिस्क वाकल्या आहेत. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते. ती मोजून घ्या.

'कमी चाललेली' या शब्दाला आपल्याकडे फार मान आहे. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तो जरा कमी करावा. वर्षाला दोन हजार किलोमीटर चाललेली गाडी म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस झाकणाखाली दमट हवेत उभी असलेली गाडी. रबरी सील सुकतात, बॅटरी मरते, ब्रेकच्या कॅलिपरला गंज धरतो, उंदीर वायरी कुरतडतात. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ओल शोषते. टाकीत महिनोन् महिने पडून राहिले की ते त्रास देते. जुन्या गाडीच्या नळ्या आणि सील त्यासाठी बनवलेले असतीलच असे नाही. म्हणून पेट्रोलच्या झाकणाआतले लेबल आणि कंपनीची पुस्तिका वाचावी. पन्नास हजार किलोमीटर चाललेली, दर वर्षी ऑइल बदललेली, प्रत्येक बिल फाइलला लावलेली गाडी मी पंधरा हजारांच्या बिनकागदी गाडीपेक्षा केव्हाही पसंत करीन.

सर्व पाहून झाल्यावर मेकॅनिककडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि ते मालकापुढे ठेवा. भाव करायचा तो त्या कागदावर. आवाज चढवून भाव होत नाही. शिवाय एक साधा हिशेब सांगतो. जेवढे पैसे हातात आहेत, त्यातला किमान पाचवा भाग पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढा आणि उरलेल्यातच गाडी शोधा. पंधरा लाख असतील तर बारा लाखांची गाडी पाहा. तीन लाख उरले तर आनंदच आहे.

व्यवहार चेकने किंवा बँकेतून करा. टोकन दिले तर कोणत्या अटींवर परत मिळेल, ते लिहून घ्या. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलण्याचे काम स्वतः लक्ष घालून करा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचे नाव, तोच मालक आणि त्याच्यावरच जबाबदारी, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला आहे. विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्या. तिसऱ्या पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई जुन्या मालकाच्या नावावरच्या पॉलिसीतून मिळत नाही. नवी गाडी घेऊन घरी जाताना ठोकली आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर, असे दावे माझ्यापुढे येतात. तिथे कुणालाच काही करता येत नाही.

एवढे सगळे ऐकून कुणी म्हणेल, मग घ्यायचीच कशाला? घ्यावी, जरूर घ्यावी. चांगली राखलेली स्पोर्ट्स कार ही आनंदाची वस्तू आहे. पहाटे रिकाम्या रस्त्यावर, मर्यादेतल्या वेगानेसुद्धा तिचे स्टिअरिंग हातात जे सांगते ते साधी गाडी सांगत नाही. फक्त तिची किंमत जाहिरातीत छापलेली नसते. ती टायरच्या शिक्क्यात, पॉलिसीच्या आकड्यात, सीटबेल्टच्या शेवटच्या दोन फुटांत आणि आरटीओच्या खिडकीवर विखुरलेली असते. ती सगळी गोळा करून बेरीज करावी. ती बेरीज घरातल्या दुसऱ्या कशालाही हात न लावता झेपत असेल, तर खुशाल किल्ली हातात घ्यावी.